पूररेषा कोणाची आणि जमीन कोणाची?



गेल्या काही वर्षांत 'पूररेषा' हा शब्द आपल्या वस्त्यांच्या कानांवर वारंवार पडू लागला आहे. कधी तो नगरपालिकेच्या नोटिशीत येतो, कधी तलाठ्याच्या तोंडून येतो, कधी मतांसाठी दारी आलेल्या पुढाऱ्याच्या भाषणात येतो. नोटीस हाती पडली की वस्तीत दोन पक्ष होतात. एक पक्ष म्हणतो, ही रेषा म्हणजे आपल्याला उठविण्याचा कावा आहे. सबब रेषा मानावयाचीच नाही. दुसरा पक्ष म्हणतो, सरकारने रेषा काढली, साहेबांनी सही केली, आता आपले काय चालणार! मला ह्या दोन्ही पक्षांशी भांडावयाचे आहे. पहिला पक्ष आपल्या लेकराबाळांचा जीव पणाला लावतो आणि दुसरा पक्ष आपला हक्क पाण्यात सोडून देतो. रेषा कोणी काढली, कोणत्या हिशेबाने काढली, तिच्या आत कोणाला राहू दिले आणि कोणाला उठविले, हे विचारल्यावाचून तिला नाकारणे हा अविचार होय; आणि हे विचारल्यावाचून तिच्यापुढे मान तुकविणे ही गुलामगिरी होय.

मी कायद्याच्या व्यवसायातला मनुष्य आहे, अभियंता नव्हे. परंतु कोर्टाचा माझा अनुभव असा की, ज्या पक्षकाराला कागदावरील शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो तो खटला उभा राहण्यापूर्वीच निम्मा हरलेला असतो. म्हणून आधी शब्दांकडे वळू.

सरकारी कागदांत 'पूरमैदान' किंवा 'पूरक्षेत्र' असा शब्द असतो. उन्हाळ्यात ज्या खोबणीतून नदी वाहते तेवढीच नदी, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. खोबण ही तिची नित्याची वाट. दोन्ही तीरांवरची सपाट जमीन ही तिची पावसाळ्याची ओसरी. घाटमाथ्यावर मोठा पाऊस झाला की खोबणीत न मावणारे पाणी ह्या ओसरीवर पसरते, तेथे संथ होते, गाळ टाकते आणि सावकाश परतते. कृष्णाकाठची मळीची काळी जमीन ह्याच गाळाने घडली. पाणी असे पसरते म्हणूनच खालच्या गावांना त्याचा जोर कमी लागतो. तेव्हा पूरमैदान ही पडीक जागा नव्हे, पाणी साठविण्याची ती निसर्गाची कोठी आहे. ती कोठी बुजविली तर पाणी नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या घरात शिरते. एवढे एक ध्यानात ठेवा, कारण पुढील सर्व वाद त्यावरच उभा आहे.

आता ह्या ओसरीवर आपण कसे आलो? हौसेने आलो काय? गावगाड्यात मळीची जमीन ज्यांना पिकविण्यासाठी मिळाली ते स्वतः उंचावरच्या गावठाणात राहिले. ज्यांना पिकविण्यासाठी काहीच मिळाले नाही त्यांचा वाडा अनेक गावांत उताराच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला टाकला गेला. त्यामागे एक तर्कशास्त्र होते. गावाचे सांडपाणी आमच्याकडे वाहत यावे. आमच्या अंगावरून गेलेले पाणी गावाकडे जाता कामा नये! विटाळाच्या ह्या शास्त्राने आपल्याला पाण्याच्या खालच्या अंगाला बसविले आणि पुराला त्याचा आयता लाभ झाला. पुढे दुष्काळाने व पोटाने शहरात आणले. तेथे मोकळी जागा कोणती सापडली? जिच्यावर कोणी मालक येऊन हक्क सांगत नव्हता ती. म्हणजे नाल्याचा काठ आणि नदीची पूड. आज त्याच जागेला 'अतिक्रमण' हे नाव आहे. शतकानुशतके ज्याला तेथे ढकलले, त्यालाच विचारावयाचे की तू येथे का आलास! ज्या महाडात १९२७ साली पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क बजावावा लागला, त्याच महाडात २०२१ च्या जुलै महिन्यात सावित्रीचे पाणी घराघरांत शिरले. पाण्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न तेव्हा होता. पाणी प्रथम कोणाच्या घरात शिरते, हा आजचा प्रश्न आहे; आणि त्याचेही उत्तर समाजरचनेत शोधावे लागते.

रेषा दोन आहेत, निळी व तांबडी. महाराष्ट्रात त्या पाटबंधारे विभागाच्या सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकातून आल्या. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो, अथवा नदीच्या काठोकाठ वाहण्याच्या क्षमतेच्या दीडपट पाणी जेथवर पोहोचते, ह्यांपैकी जे अधिक असेल ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती तांबडी रेषा. नदीवर धरण असेल तर तेथे धरणाच्या सांडव्यातून सुटणारे पाणी आणि धरणाखालच्या मुलखात पडलेल्या पावसाचे पाणी ह्यांचा मेळ घालावा लागतो. दोन्ही तीरांवरील निळ्या रेषांमधला टापू 'निषिद्ध क्षेत्र' आणि निळ्या व तांबड्या रेषांमधला टापू 'नियंत्रित क्षेत्र'. निषिद्ध क्षेत्रात मैदान, बाग, शेती असा मोकळा वापर चालतो, नवे घर चालत नाही. नियंत्रित क्षेत्रात अटींवर बांधकाम चालते. तत्त्व म्हणून ह्यात वावगे काहीही नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पाण्याला जागा ठेवावी, हे शहाणपणाचेच आहे.

परंतु ह्या 'वर्षांतून एकदा' शब्दांनी फार मोठा घोटाळा केला आहे. एका वस्तीत मला एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "वकीलसाहेब, मोठा पूर २००५ साली येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निवांत." नदीजवळ अशी वही नसते! पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे पंचवीस वर्षांनी येणारा पूर नव्हे. दरवर्षी तो येण्याचा संभव शंभरात चार असतो, मग तो मागच्याच वर्षी येऊन गेला असो वा नसो. शंभर वर्षांच्या पुराचा संभव दरवर्षी शंभरात एक. हा संभव लहान दिसतो. पण एखाद्या घरात तुम्ही तीस वर्षे राहिलात असे धरा. निळ्या रेषेच्या काठावरील त्या घरात तीस वर्षांत किमान एकदा पाणी शिरण्याचा संभव शंभरात सुमारे ७१ भरतो. तांबड्या रेषेवर तो सुमारे २६ भरतो. हा हिशेब शाळेत शिकणारा तुमचा मुलगा वा मुलगी तुम्हांला करून दाखवील. पुन्हा, हा सर्व हिशेब मागील नोंदींवर उभा असतो. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांच्या पोटात पाहिले. पाऊस आपली जुनी रीत सोडीत असता जुन्या नोंदींची रेषा जशीच्या तशी ठेवणे म्हणजे मुलाच्या वाढत्या अंगाला लहानपणचा सदरा घालण्यासारखे आहे. रेषा वेळोवेळी नव्याने मोजली पाहिजे, आणि ती मागे सरकली तर आपली घरे तिच्या आत येतील हेही मनात धरून ठेवले पाहिजे. सत्य गैरसोयीचे आहे म्हणून ते आपण नाकारणार असू, तर मग इतरांच्या अंधश्रद्धेवर टीका करण्याचा आपल्याला अधिकार काय?

जाता जाता अंधश्रद्धेविषयी. पूर चढू लागला की नदीची ओटी भरावयाची, नारळ सोडावयाचा, ही रूढी धम्मदीक्षा घेतलेल्या कित्येक घरांतून अजून गेलेली नाही. नदी कोपत नाही आणि प्रसन्नही होत नाही. कारणे जमली की पूर येतो. कारणे मोजता येतात. ज्याला हे पटले त्याने नारळाचे पैसे वाचवून दोराचा एक भेंडोळा घरात ठेवावा.

मोजण्याची एक गोष्ट तर आजच करता येण्याजोगी आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ४० फुटांवर गेली की 'इशारा' आणि ४५ फुटांवर गेली की 'धोका' समजतात. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्याशी हेच आकडे ३९ व ४३ फूट आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढले होते. आता सांगा, पुलाशी किती फूट पाणी झाले म्हणजे ते तुमच्या उंबऱ्याशी लागते? रेडिओवर आकडा ऐकून तुम्हांला काही बोध होतो काय? होत नसेल तर त्या आकड्याचा तुम्हांला उपयोग काय? मागच्या पुराची खूण भिंतीवर असेल, वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असेल. त्या दिवशीचा पुलाचा आकडा सरकारी नोंदीत आहे. दोन्ही जुळवा आणि समाजमंदिराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. सायंकाळच्या एका बैठकीचे हे काम आहे.

त्याबरोबर 'फुगवटा' हा शब्दही शिकून घ्या. नदी समोरून येईल म्हणून आपण समोर पाहत बसतो आणि पाणी पाठीमागच्या ओढ्यातून येते. कारण असे की, मोठ्या नदीची पातळी ओढ्याच्या मुखापेक्षा वर चढली म्हणजे ओढ्याचे पाणी नदीत उतरू शकत नाही, ते मागे तुंबते. नदीचे पाणीही त्याच मुखातून आत घुसते. नदीपासून दूर आहोत म्हणून निश्चिंत असलेल्या कित्येक वस्त्या ह्यामुळे बुडतात. तुमची वस्ती ओढ्याकाठी असेल तर नदीच्या रेषेबरोबर ओढ्याची रेषाही आखली आहे काय, हे तुम्ही विचारले पाहिजे.

येथवर मी विज्ञानाची बाजू सांगितली. आता न्यायाची सांगतो.

'भराव' ह्या शब्दाकडे पाहा. काठोकाठ भरलेल्या घागरीत दगड टाकला तर पाणी बाहेर सांडणारच. निळ्या रेषेच्या आत कोणी मालमोटारींनी मुरूम आणून टाकला, कोणी संरक्षक भिंत घातली, कोणी रस्ता उंच केला, तर जेवढी जागा त्याने अडविली तेवढे पाणी समोरच्या तीरावर किंवा वरच्या अंगाला चढते. भिंतीमागचा सुखरूप राहतो आणि भिंतीसमोरचा बुडतो. आता मला सांगा, आठ फूट रुंदीच्या पत्र्याच्या झोपडीने नदीचे पाणी किती अडते आणि एकरभर भरावावर उभ्या राहिलेल्या मंगल कार्यालयाने किती अडते? तरीही कारवाईचा बुलडोझर प्रथम कोणाच्या दारात येतो? झोपडीचे नाव 'अतिक्रमण'. भरावाचे नाव 'विकास'. आणि खुद्द सरकारने नदीच्या काठाला दगडी बांध घातले म्हणजे त्याचे नाव 'नदीकाठ सुधार'! अहमदाबादेस साबरमतीचा काठ सुशोभित करताना काठावरील हजारो झोपडीवासी कुटुंबे शहराच्या कडेला नेऊन टाकली गेली. नदीला जागा मोकळी करून देण्यासाठी त्यांना उठविले असते तर एक गोष्ट होती. त्यांना उठवून नदीचेच पात्र बांधून काढले. अशा कामाला पूरव्यवस्थापन म्हणणे ही भाषेची थट्टा आहे.

आणि आता तो शब्द, ज्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला. तो शब्द आहे 'अधिकृत'. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० साली मंजूर झाली. तिच्यात नदीकाठ व निळी रेषा ह्यांमधल्या निषिद्ध क्षेत्रात नवे बांधकाम मना आहे. ठीक. परंतु त्याच क्षेत्रातील जुन्या 'अधिकृत' इमारतींचा पुनर्विकास मात्र करता येतो; जोते तांबड्या रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच घ्यावयाचे आणि पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला आणावयाचा, एवढीच अट. म्हणजे पाहा कसा न्याय आहे. पाणी तेच, पूर तोच, रेषा तीच. ज्याच्याजवळ मंजुरीचा कागद आहे त्याला नियम सांगतो, "जोते उंच कर आणि राहा." ज्याच्याजवळ कागद नाही त्याला नोटीस सांगते, "धोका आहे, निघून जा." धोका हा जर खरा असेल तर तो कागद वाचून येतो काय? आणि जोते उंच करून धोका टळत असेल तर तोच उपाय आमच्या वस्तीला का नाही? मी कागदवाल्यांची घरे पाडा असे म्हणत नाही. त्यांनाही घर हवे. मी एवढेच म्हणतो की, पाण्याच्या नावाखाली येथे मालकीचा निवाडा चालला आहे.

हाच दोष वरच्या पातळीवरही आहे. केंद्र सरकारने १९७५ साली पूरमैदान विभागणीच्या कायद्याचा एक नमुना मसुदा सर्व राज्यांकडे धाडला. त्यात सर्वेक्षण, आखणी, मनाई, अडथळे दूर करणे ह्यांबरोबर नुकसानभरपाईचेही प्रकरण होते. मणिपूरने १९७८ साली, राजस्थानने १९९० साली, उत्तराखंडाने २०१२ साली कायदे केले. मणिपुरात तर कायदा होऊनही आखणीचे काम वर्षानुवर्षे मागे पडले. महाराष्ट्राने परिपत्रकाचा मार्ग पत्करला. परिपत्रक आणि कायदा ह्यांत भेद काय, असे तुम्ही विचाराल. कायदा विधिमंडळात चर्चेला येतो, त्यात मनाईबरोबर भरपाई लिहावी लागते; परिपत्रक एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते आणि त्यात मनाई तेवढी राहते. आणि समजा उद्या कायदा झाला, तरी भरपाई कोणाला मिळेल? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. आपल्यापैकी किती जणांच्या नावावर तो आहे? म्हणून पूरमैदानाचा कायदा मागताना भूमिहीनाच्या पुनर्वसनाचे कलम त्यात असलेच पाहिजे, अशी मागणी आपण आजपासून केली पाहिजे.

सरकारला पुनर्वसन जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि मुठेने पुण्याच्या पेठा उद्ध्वस्त केल्या. तेव्हा सरकारने शहरातच गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभारल्या. ते योग्यच केले. त्या वसाहतींतील लोकांनाही पुढे मालकीसाठी झगडावे लागले, हे मला ठाऊक आहे. पण जमीन निघाली! इच्छा झाली तेव्हा शहराच्या हद्दीत उंचावर जमीन सापडली. मग आता २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा आंबिल ओढ्याचा पूर आठवा. ओढा फुटला, भिंती कोसळल्या, माणसे मेली. त्यानंतर ओढा मोकळा करण्याचे बोलणे निघाले आणि २४ जून २०२१ रोजी, भर पावसाळ्यात व साथीच्या काळात, दांडेकर पुलाजवळची ओढ्याकाठची घरे पाडण्यास प्रारंभ झाला. न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा हात थांबले. पुढे २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर मुठा पुन्हा वस्त्यांत आणि सोसायट्यांत शिरली. त्याच पहाटे पुलाची वाडी येथे तीन तरुण विजेच्या धक्क्याने मेले. एका बाजूस पुराला बळी पडणारे आपणच आणि दुसऱ्या बाजूस पुराच्या नावाने घर गमावणारेही आपणच, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

पावसाळ्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात सांगितले. कित्येक कार्यकर्ते तेवढेच सांगतात. वकील ह्या नात्याने मला पुरे सांगितले पाहिजे. त्या निकालाने घरे हटविण्याचा पालिकेचा अधिकार रद्द केला नाही. म्हणणे ऐकून घेण्याची रीत पाळा, असे सांगितले, आणि पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, कोणाला हटवू नका असा आदेश दिला. सबब त्या निकालावर विसंबून कोणी स्वस्थ बसू नये. परंतु म्हणणे ऐकून घेतल्याविना आणि भर पावसात घर पाडावयास आलेल्या अधिकाऱ्यापुढे तो निकाल ठेवता येतो, हेही विसरू नये.

शहरातील घोषित वा जुन्या झोपडपट्टीत राहणाऱ्यांसाठी १९७१ चा महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियम आहे. १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा ज्याच्यापाशी आहे तो 'संरक्षित' ठरतो. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूद झाली. संरक्षिताला सार्वजनिक हितासाठी हलविता येते, परंतु त्याचे पुनर्वसन करण्याची अट पाळूनच. पूररेषा हे सार्वजनिक हित आहे, हे आपण मान्य करू. मग पुनर्वसनाची अट सरकारने मान्य करावी. माझ्याकडे अशा नोटिशी घेऊन आलेल्या एका वस्तीतील निम्म्या कुटुंबांचे पुरावे मागच्याच पुरात भिजून लगदा झाले होते. शिधापत्रिका, वीजबिल, मतदारयादीचा उतारा, मुलांचे शाळेचे दाखले ह्यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उंचावरच्या नातलगाकडे ठेवा. भगिनींनो, हे काम मी तुमच्यावर सोपवितो. पुरुषमंडळी 'करू, करू' म्हणत पावसाळा आणतात.

पुरानंतरच्या मदतीतही भेद होतो. पंचनामा करणारा गावातून निघतो, उंबरठे मोजतो आणि वाड्यापर्यंत येईतो संध्याकाळ होते. पीक बुडाले त्याची नोंद होते, ज्याने ते पीक खुरपावयाचे होते त्याची मजुरी बुडाली ह्याचा रकाना सहसा कोणी शोधीत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचे ६१ वे कलम सांगते की, आपद्ग्रस्तांना भरपाई व मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म ह्यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम पाठ करा. छावणीत पाण्याच्या टाकीपाशी कोणी वेगळी रांग लावू पाहील, त्या वेळी ते तुमच्या जिभेवर असले पाहिजे.

ह्या विषयात आपण उपरे आहोत, असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. १९४२ ते १९४६ ह्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीने बांध फोडून बंगालची दाणादाण उडविली. त्या पुराचा विचार त्यांनी बांध पुन्हा उंच करण्यापुरता केला नाही. उगमापासून मुखापर्यंत साऱ्या खोऱ्याचा एकत्र विचार करण्याचे धोरण धरले. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत, आणि १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले त्याचा पाया त्यांच्या खात्याने घातला. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना जादा पाणी म्हणजे अनर्थ ही समजूतच त्यांनी अमान्य केली. पाण्याच्या विपुलतेपेक्षा त्याच्या टंचाईने मनुष्य अधिक पीडला जातो, तेव्हा ते साठवा आणि वापरा, असा त्यांचा आशय होता. दामोदरावर पुढे आराखड्यातली सर्व धरणे झाली नाहीत, आणि धरण बांधले म्हणजे पूर संपला असेही नाही. पावसाळ्याच्या मध्यावर सिंचनासाठी जलाशय काठोकाठ भरून ठेवला तर ऐन पुरात धरण पाणी अडवू शकत नाही, सोडावेच लागते. तो दोष पद्धतीचा नव्हे. नदीचा प्रश्न मोजून, संपूर्ण खोरे एकत्र घेऊन सोडवावा, ही दृष्टी आपल्या घरची आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपली मागणी एकच असावी आणि ती दोन शब्दांची असावी: रेषा आणि जमीन. जमिनीवाचून रेषा म्हणजे हकालपट्टी. रेषेवाचून जमीन म्हणजे, जे काही पुढारी तुम्हांला 'आहे तेथेच पट्टे मिळवून देतो' म्हणून सांगतात ते, निळ्या रेषेच्या आतल्या मरणाचा मालकीहक्क. तो पट्टा घेऊ नका. ज्या पुढाऱ्याने तो देऊ केला त्याचे स्वतःचे घर कोणत्या पातळीवर आहे, ते आधी पाहून या. आणि पाच कोसांवर माळावर नेऊन टाकणारी पत्र्याची वसाहतही घेऊ नका. जेथून कामाला जाता येत नाही, तेथून माणसे वर्षभरात पुन्हा नदीकाठी परततात आणि मग 'ह्यांना दिले तरी राहत नाहीत' असा ठपका येतो. खेड्यात मागणी करा ती गावठाणाच्या विस्ताराची, गावाला लागून, गावाइतक्याच उंचीवर. त्या वेळी गावातून विरोध होईल. शेजार नको म्हणणारे पुढे येतील, सरकारी गायरान एकाएकी पवित्र होईल, गुरांच्या चाऱ्याची काळजी वाहणारे निघतील. तो विरोध नदीचा नव्हे. त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा आणि तसे लेखी नोंदवा.

आता काम सांगतो. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली साध्या कागदावर अर्ज लिहा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेवढीही फी नाही. अर्ज जलसंपदा विभागाच्या तुमच्या नदीवरील विभागीय कार्यालयाकडे आणि नगरपालिका असेल तर तिच्या नगररचना खात्याकडे, असा दोन ठिकाणी द्या. विचारा: आमच्या वस्तीजवळून जाणाऱ्या निळ्या व तांबड्या रेषांचा नकाशा द्या. त्या कोणत्या वर्षी आखल्या? त्यासाठी दर सेकंदाला किती घनफूट पाणी धरले? नदीचे आडवे छेद केव्हा घेतले? त्यानंतर निळ्या रेषेच्या आत किती बांधकामांना व किती भरावांना परवानगी दिली, त्यांची यादी द्या. ओढ्याची रेषा आखली आहे काय? आमच्या वस्तीच्या जमिनीची पातळी किती धरली आहे? विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला असेल तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे हरकती घेण्याची मुदत चालू असते. ती चुकवू नका, आणि हरकत सामुदायिक सहीची न देता प्रत्येक कुटुंबाची वेगळी द्या, पोच घ्या. माहितीच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा 'अभिलेख उपलब्ध नाही' असे उत्तर आले, तर त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत पहिले अपील करा. 'अभिलेख उपलब्ध नाही' हे उत्तर फाडून टाकू नका. रेषा ज्या हिशेबावर काढली तो हिशेबच नाही, असे सरकारने स्वतःच्या सहीने लिहून दिलेले असते. नोटिशीला उत्तर देताना त्याची प्रत पहिल्या पानाला जोडावयाची.